हाताला बसणारा कॅमेरा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना हे म्हणाले, "आपल्याला कॅमेरा घ्यायचाय."

नाकात ऑक्सिजनची नळी, पुढ्यात अर्धी भाकरी, आणि कॅमेरा. मी म्हटलं, "कशाला?"

"वाटण वाटायला."

मी ताटात भाजी वाढली. मग स्वतःच म्हणाले, "लेण्यांचे व्हिडिओ काढायचे. नुसत्या लेण्यांचे नाही, प्रवासाचे. कुठून निघालो, कसे पोचलो, काय बघितलं, सगळं."

रिटायर झाल्यावर महाराष्ट्रातली सगळी लेणी बघायची, असं ह्यांनी ठरवलं होतं. कारखान्यात जन्मभर लोखंडाची मापं तपासली, आता दगड बघू, असं म्हणायचे. जुन्नर झालं, नाशिक झालं, आणि मग दम लागायला लागला. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. गेल्या दिवाळीनंतर घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. आता पलंगापासून मोरीपर्यंत जायचं तर वाटेत एक खुर्ची ठेवावी लागते.

"तुम्ही कसे चढणार?" मी विचारलं.

"मी कशाला चढू? तू चढ. मी इथे बसून बघीन."

मला हसूच आलं. मी एकटी विश्रांतवाडीतून बाहेर पडले ती फार तर मंडईपर्यंत. नोकरी बालवाडीतली, तीही घरापासून चालत. गावाला जायचं तर हे पिशवी घेऊन पुढे, मी मागे. एसटीची पाटी मी कधी वाचलीच नाही. ह्यांचा शर्ट ज्या गाडीत चढेल ती आपली गाडी.

उरलेली भाकरी टाकली. म्हणे पोट भरलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस घरात दुसरा विषय नाही. मोबाईलवर एक मुलगा कॅमेऱ्याची खोकी उघडून दाखवतो, ते हे एकटक बघतात. खालच्या मजल्यावरचे दत्तोबा आले होते. दोघं एकाच कारखान्यातले. दत्तोबांचं म्हणणं, घ्यायचा तर मोठा घ्या, ज्याची भिंगं बदलता येतात.

"वजन?" ह्यांनी विचारलं. "हे लोढणं गळ्यात अडकवून ही डोंगर चढणार?"

"मग तो डबीएवढा घ्या. मोटरसायकलवाली पोरं हेल्मेटला लावतात तो."

"तो उजेडातला. लेण्यात अंधार असतो. अंधारात त्याला सगळं दाणेदाणे दिसतं, रवा सांडल्यासारखं."

मग मला जवळ बोलावून तिसरा दाखवला. एका लहान दांडीवर बसवलेला डोळा. हात कितीही हलला तरी डोळा हलत नाही. म्हणाले, "कोंबडी हातात धरून हलवली तरी तिची मान जागच्या जागी राहते की नाही? तसं."

मी म्हटलं, "मोबाईल आहे की आपल्याकडे."

"मोबाईलवर चैतालीचा फोन येतो. तू स्तूप सोडून तिला भाजी काय केली विचारत बसशील."

एक अट मात्र विचित्र वाटली. काढणाऱ्याला आपलं तोंड स्क्रीनवर दिसलं पाहिजे म्हणे. मी विचारलं, लेण्यांच्या व्हिडिओत माझ्या तोंडाचं काय काम? तर म्हणाले, "प्रमाण कळतं. खांब किती उंच आहे, हे शेजारी माणूस असल्याशिवाय कळत नाही." हे पटलं. मापं तपासणारा माणूस, त्यांना तेच सुचणार.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मंडईच्या पुढच्या बोळातल्या दुकानात गेले. दत्तोबा ह्यांच्याजवळ बसले होते, म्हणून जाता आलं. दुकानदार इंद्रजीत, आमच्या लेकीच्या, चैतालीच्या वयाचा असेल. ह्यांना व्हिडिओ कॉल लावून दिला, म्हटलं तुम्हीच बोला.

इंद्रजीत एकेक कॅमेरा उचलून फोनसमोर धरायला लागला. हे म्हणाले, "मला काय दाखवता? तिच्या हातात द्या. तिच्या हाताला बसतो का बघायचंय, माझ्या नाही."

मोठा कॅमेरा धरला, मनगट वाकलं. दांडीवाला धरला, तर अंगठा बरोबर बटणावर गेला. इंद्रजीत म्हणाला, "काकू, बोला काहीतरी, आवाज बघू." माझ्या तोंडून बालवाडीतलंच निघालं, "चला मुलांनो, हात जोडा." दुकानातले सगळे हसले. फोनवर हेही हसले आणि मग खोकला लागला, तो बराच वेळ थांबेना. मी फोन कानाशी धरून उभी राहिले.

खोकला थांबल्यावर पहिलं वाक्य, "बिलावर नाव तुझं घाल."

नोंदणीला नंबर माझा. पासवर्डसुद्धा तूच ठरव, मला सांगू नको, असं म्हणाले. ह्याचं मला वाईट वाटलं. आमच्या घरातले सगळे पासवर्ड ह्यांच्या डोक्यात. हा एकच त्यांना नको.

येताना मंडईतून मेथी आणली. ह्यांनी दोन घास खाल्ले.

१ डिसेंबर, रविवार

आज भाजे. एकटी.

चैताली हैदराबादहून येते म्हणाली होती, आईबरोबर मी जाते. ह्यांनी तिला फोनवर झापलं, "तिच्याबरोबर कुणी जायचं नाही." मला हा हट्ट कळत नाही. आजारपणाने माणूस चिडका होतो म्हणतात.

लोणावळ्याची लोकल पकडली. मळवली स्टेशन कधी येईल ह्या धास्तीने कामशेतपासूनच दारात उभी राहिले. शेजारची बाई म्हणाली, मावशी, बसा, अजून वेळ आहे. पायऱ्या चढताना छाती धडधडत होती. पण वर पोचले, चैत्यगृहात उभी राहिले, आणि खरं लिहायचं तर थोडा वेळ ह्यांची आठवणसुद्धा आली नाही. मग आली तेव्हा लाज वाटली.

सगळं काढलं. कमान, खांब, बाहेरचे स्तूप एकेक करून. घरी आल्यावर मोठ्या हौसेने टीव्हीवर लावलं. दोन मिनिटं बघून हे म्हणाले, "डोंगर पुरे. तू कुठे आहेस?"

"मी काढतेय ना."

"मग मी कशावरून मानू तू गेलीस?"

आणि मग भलत्याच चौकशा. तिकिटाच्या रांगेत कुणी ढकललं का. डबा कुठे बसून खाल्ला. मोरी सापडली का. परतीची गाडी कुणाला विचारून पकडली. मी म्हटलं, कुणाला विचारलं नाही, पाटी वाचली. तर "वा," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. स्तूप राहिलेच. एवढी वणवण करून काढलेलं, आणि ह्यांना मोरीची चौकशी.

६ डिसेंबर, शुक्रवार

विहारात अभिवादनाला गेले. ह्यांना जिना उतरवला नाही. पांढरा शर्ट घालून खिडकीशी बसून राहिले. कॅमेरा ने म्हणाले होते, नेला. ह्या वेळी आठवणीने स्वतःकडेही फिरवला. बघताना म्हणाले, "वंदनेत तुझा आवाज सगळ्यांच्या वर आहे." टोमणा होता की काय, कळलं नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

दवाखाना. तपासून झाल्यावर ह्यांनी मला पाण्याची बाटली आणायला पाठवलं. पिशवीत बाटली होती, पण म्हणे थंड हवी. ह्यांना थंड चालत नाही. मी आणली. आत आले तर डॉक्टरीणबाई चष्मा पुसत होत्या आणि हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"काय म्हणाल्या?" मी रिक्षात विचारलं.

"वजन कमी झालंय म्हणाल्या."

उद्यापासून नाचणीची पेज सुरू करते. तुपाचा एक चमचा.

रात्री चैतालीचा फोन आला. उगाचच रडत होती. विचारलं तर सर्दी म्हणाली. थंडी आहे खरी.

२८ डिसेंबर, शनिवार

आज भांडण झालं. लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

हे म्हणाले, पुढच्या रविवारी आगाशिवला जा. आगाशिवचा डोंगर म्हणजे कऱ्हाडजवळ, ह्यांच्या गावावरचा. वर लेणी आहेत. ह्यांनी मागे एकदा सांगितलं होतं, "लहानपणी त्या लेण्यांत आम्ही शेरडं बांधायचो. ती आपल्या भिक्खूंची आहेत, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तिथे एकत्र जायचं असं आमचं ठरलं होतं.

मी म्हटलं, "नाही जाणार. तुम्ही बरे व्हा, मग दोघं जाऊ."

"नंदा, जा."

"ह्या आठवड्यात तुमची तब्येत बघितलीत का? मशीनचा आकडा वाढवावा लागला. मी तुम्हाला टाकून डोंगर चढत बसू? ती लेणी कुठे पळून चाललीत?"

"मला तू दिवसभर घरात नको आहेस," हे म्हणाले.

मी विचारलं, "नको आहे?"

"नको. सारखी तोंडाकडे बघत बसतेस. जीव गुदमरतो माझा."

इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते. मी आत जाऊन भांडी घासली. बाहेर मशीनची घरघर चालू होती. नंतर खोलीत डोकावले तर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खांदे हलत होते. धाप लागली असेल.

जाईन. नको आहे ना घरात, मग जाईन.

६ जानेवारी, सोमवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. हे आत अतिदक्षता विभागात आहेत. चैताली विमानाने निघालीय.

काल सकाळी मी आगाशिवला गेले. निघताना ह्यांचा चेहरा राखेसारखा होता. मी म्हटलं, "राहू दे आजचं." तर म्हणाले, "परत तेच. दत्तोबा आलेत, मी सुखात आहे. निघ." मी रागातच चपला घातल्या. 'येते' म्हणाले नाही. जन्मात उंबरा ओलांडताना 'येते' म्हटल्याशिवाय गेले नव्हते.

स्वारगेटला सांगलीची गाडी मिळाली. पाटी वाचून चढले. कऱ्हाडला उतरून रिक्षाने पायथ्याला गेले. वाट विचारली तर शेतातला माणूस म्हणाला, "येकट्या हायसा? काठी घ्या, माकडं हायती." त्याने तोडून दिलेली काठी घेऊन चढले.

वर साध्या खोल्या आहेत, नक्षी फारशी नाही. एका लेण्यात स्तूप आहे. मी त्याच्यासमोर बसून वंदना म्हटली. बाहेर येऊन कॅमेरा स्वतःकडे वळवला. माझा राग अजून गेला नव्हता, तो स्क्रीनवर दिसतही होता. पण बोलले. म्हटलं, "अहो, हे बघा तुमचं गाव. ते कौलारू दिसतंय ते तुमच्या शाळेचं असेल. नदी इकडे आहे. वारा फार आहे, माझा पदर आवरत नाही. मी दमले नाहीये. मला वाटलं होतं दमेन, पण नाही दमले. शेरडं कुठल्या खोलीत बांधायचात ते सांगितलं नाहीत, म्हणून सगळ्या काढल्या."

उतरताना दत्तोबांचा फोन आला. "वहिनी, घाबरू नका, सीतारामला ॲडमिट केलंय."

कऱ्हाड ते पुणे गाडी कशी आली, आठवत नाही. माझ्याशेजारी कोण बसलं होतं, तेही नाही. ते आता ह्यांनी विचारलं तर सांगता येणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज दुपारी शुद्धीवर होते. तोंडावर घट्ट मास्क, बोलता येत नाही. सिस्टरने पाच मिनिटं आत सोडलं. मी कॅमेरा नेला होता. त्याच्या लहान स्क्रीनवर आगाशिव लावलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

बघत होते. मी वाऱ्याबद्दल बोलते तिथे आल्यावर त्यांनी हात उचलला आणि बोट स्क्रीनवर ठेवलं, बरोबर माझ्या चेहऱ्यावर. मी समजले, मधे येतेय, मागचं गाव दिसत नाहीये. म्हणून पुढे सरकवलं, जिथे नुसती दरी आहे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा मागे नेलं. पुन्हा माझ्या चेहऱ्यावर बोट. मी म्हटलं, "शाळा बघायचीय का? शाळा इकडे आहे, कोपऱ्यात." मान हलवली. स्क्रीनवरच्या माझ्या गालावर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला होता. मी पदराने पुसायला गेले तर माझं मनगट धरलं.

सिस्टर म्हणाली, मावशी, वेळ झाली.

मी दारातून म्हटलं, "येते."

काय बघायचं होतं, ते मला नीट कळलं नाही. उद्या शाळा मोठी करून दाखवते. तसं करता येतं, इंद्रजीतने शिकवलंय.

११ जानेवारी, शनिवार

काल सकाळी हे गेले.

९ फेब्रुवारी, रविवार

बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

जलदानविधी झाला. भन्तेजी आले होते, परित्राणपाठ झाला. ह्यांच्या कारखान्यातले इतके लोक आले की जिन्यात चपलांना जागा नव्हती. मशीन भाड्याचं होतं, ते परत नेलं. त्याची घरघर थांबल्यापासून मला दुपारी झोप येत नाही.

चैताली अजून आहे. आज म्हणाली, "आई, बाबांचा एखादा व्हिडिओ दे ना त्या कॅमेऱ्यातला. आवाज तरी ऐकते."

दोघी बसलो. सगळं पहिल्यापासून लावलं. भाजे, विहार, आगाशिव, अधूनमधून स्वयंपाकघरात सराव म्हणून काढलेलं. मी, मी, मी. मी डबा खाताना, मी पायऱ्या चढताना, मी कुकर लावताना. ह्यांचा एकही नाही. कधी त्यांच्याकडे कॅमेरा वळवला की तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचे, "ह्या नळीवाल्याचं प्रमाण कशाला हवंय?" मी ऐकलं त्यांचं. ऐकायला नको होतं. वर्तमानपत्र ओढून घ्यायला हवं होतं.

मला राग आला. मी मोठ्याने म्हटलं, "इतका पारखून घेतला कॅमेरा, आणि स्वतः एकदाही आले नाहीत त्यात. मग घेतला कशासाठी?"

चैताली काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही तिने. मग नळ टपकतोय म्हणून उठून गेली. बराच वेळ नळाशी होती.

ती म्हणते, सगळं आवर आणि माझ्याकडे चल, एकटी कशी राहणार तू?

२३ फेब्रुवारी, रविवार

चैताली गेली. तिला म्हटलं, उन्हाळ्यात येईन, पण राहायला नाही, भेटायला. ती म्हणाली, मी घ्यायला येते. मी म्हटलं, कशाला? गाडी पुण्याहूनच सुटते, पाटी वाचता येते मला.

तिने बॅग खाली ठेवली. मग मिठी मारली. ह्या पोरीचं काय चाललंय कळत नाही.

९ मार्च, रविवार

बेडसे.

जायचं मनात नव्हतं. पण आज सकाळी उठले, चहा दोन कप टाकला, एक ओतून दिला, आणि घरात बसवेना. कामशेतला उतरून रिक्षा केली. ऊन चांगलंच तापलं होतं. पायऱ्या चढताना दोनदा थांबले.

बेडश्याला दोन खडकांच्या मधून चिंचोळी वाट आहे. तिथून आत गेलं की एकदम समोर भलेमोठे खांब येतात, वर हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली माणसं. कॅमेरा काढला. सवयीने स्वतःकडे वळवला आणि म्हटलं, "अहो, हे बघा." आणि पुढे काही सुचेना. बघणार कोण? स्क्रीनवर माझं तोंड, मागे खांब. प्रमाण बरोबर होतं. मी बटण बंद केलं आणि खांबाला टेकून रडले. सगळे दिवस रडले नव्हते तशी. तिथे बरं असतं, दगडाला काही समजावून सांगावं लागत नाही.

थोड्या वेळाने एक म्हातारा-म्हातारी वर आले. जवळच्याच गावातले असावेत. आजींनी मोबाईल पुढे केला. "बाई, आमचा फोटू काढता का? नातीला धाडायचाय."

मी डोळे पुसून मोबाईल घेतला. आजी खांबाजवळ उभ्या राहिल्या. आजोबा बाजूला सरकले, काठी टेकून.

"तुम्हीही या," मी म्हटलं.

"हिचाच काढा. म्या काय देखणा हाय का?"

"या म्हणते ना."

"ऱ्हाऊ द्या वो, बाई. माझा कुणाला बघायचाय?"

माझा बालवाडीचा आवाज इतका चढला की लेण्यात घुमला. "आजोबा, गुपचूप तिथे जाऊन उभे राहा. तिच्या शेजारी. अजून जवळ. टोपी वर करा, चेहरा दिसू दे."

आजोबा बिचकले, पण गेले. आजींनी त्यांची टोपी सारखी केली आणि पुटपुटल्या, "म्या सांगितलं तर ऐकत न्हाईत." दोघं ताठ उभे राहिले.

मोबाईलवर फोटो काढून दिला. मग म्हटलं, हलू नका, एक माझ्या कॅमेऱ्यात. बटण दाबलं. आजोबांची मिशी वाऱ्याने हलत होती. आजी त्यांच्याकडे बघून हसत होत्या, आणि आजोबांना ते माहीत नव्हतं, ते सरळ माझ्याकडे बघत होते.

"झालं का?" आजोबांनी विचारलं.

मी म्हटलं, "थांबा. अजून थोडं."